मागची सीट

आईंनी चपला काढल्या, गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्या सीटवर सरळ आडव्या झाल्या.

शोरूममधला टायवाला गडबडला. "आजी, बसून बघा ना. पाय ठेवायला बघा किती जागा आहे."

"बसनारं मानूस न्हाई आनायचं मला," आई पडल्या पडल्या म्हणाल्या. "झोपलेलं आनायचंय."

हर्षल, माझा नवरा, पुढे बसून छताची काच मागेपुढे सरकवत होता. त्याने आरशातून पाहिलं. "आई, ऊठ. लोक बघायलेत."

"बगू दे की. बगायलाच आल्यात समदी."

सासूबाई उठल्या, पण उतरल्या नाहीत. या दारापासून त्या दारापर्यंत त्यांनी वीत टाकत सीट मोजली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "निकिता, मगाचच्या पांढरीपेक्षा ही लांब हाय. पर मधी उंचवटा हाय बग. मुक्ताच्या कमरंला लागंल."

माझ्या कडेवर आमची लेक संस्कृती झोपली होती. मी मान हलवली. त्या महिन्यात आमच्या घरात गाड्यांची तुलना सगळेच करत होते. वितीने करणाऱ्या आई एकट्याच.

मुक्ताबाई म्हणजे आईंची थोरली बहीण; आईंना 'मनी' म्हणणारी ती एकटीच. उन्हाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती पाथर्डीकडच्या वस्तीवर खाटेला खिळून होती. तिचा मुलगा कानिफनाथ आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला निघणार. मग मागे तिला पाणी कोण पाजणार? त्याआधी तिला इथे, कोल्हारला आणायचं, असं आईंनी ठरवलं होतं. घरात कुणी नाही म्हटलं नव्हतं. "गाडी येऊ दे, मग आणू," एवढंच सगळे म्हणत होते. आईंनी एकदा भाड्याच्या गाडीचं काढलं, तर सासरे म्हणाले, "घरची गाडी येतीय आन् भाड्याची कशाला? लोकं काय म्हनतील?"

दोघी बहिणी एकाच कोरडवाहू गावच्या. एकीला प्रवरेच्या काठाला दिलं, एकीला माळावर. हिवाळ्यात मुक्ताबाई टोळीबरोबर आमच्याच भागात ऊस तोडायला यायची. डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा घेऊन मागच्या दाराशी थांबायची, पायरीवर बसून चहा प्यायची. "अंगाला पाचट हाय," म्हणून आत यायची नाही. आणि पाचट असू दे, ये, असं घरातलं कुणी म्हणायचं नाही. हर्षल झाला तेव्हा मात्र तिने सव्वा महिना कोयता खाली ठेवला होता. आईंना माहेरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, दुपटी धुणं, सगळं तिने केलं. हे मला आईंनी संस्कृतीला तेल लावता लावता सांगितलं होतं.

गणपती गाड्या बघण्यात गेले. एकीला ॲव्हरेज चांगलं, पण गॅसची टाकी अर्धी डिकी खाते. दुसरी पत्र्याला दणकट, पण सर्व्हिसिंगला लांब न्यावी लागते. सासरे म्हणजे आमचे आप्पा प्रत्येक गाडीला एकच विचारायचे, "डिकीत पोती किती बसत्याल?" हर्षल जेवतानाही मोबाईल ताटाशेजारी उभा करून व्हिडिओ बघायचा. कुणीतरी परका माणूस गाडीची दारं आपटून दाखवायचा आणि आमची भाजी निवायची.

घट बसले त्या दिवशी कानिफनाथचा फोन आला. "मावशे, मुकादमाचा सांगावा आलाय. दसरा झाला की ट्रक लागंल. काय करता?"

"आनतीय, बाबा. दसऱ्यालाच गाडी यायचीय," आई म्हणाल्या.

शेवटी छताला काच असलेलीच ठरली. हर्षलच्या मित्राने, रविराजने, तीच घेतली होती. आईंनी फक्त विचारलं, "मागची सीट?"

"मोठी आहे गं. तुझी वीत पुरायची नाही."

आई हसल्या. नवरात्रात गोधड्या धुऊन त्यांनी पुढच्या खोलीत खाट घातली. मागच्या नाही, पुढच्या.

दसऱ्याला गाडी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. आईंनी गाडीला आणि हर्षलला ओवाळलं, आणि ताट हातात असतानाच म्हणाल्या, "मग उद्या निगायचं ना पाथर्डीला?"

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नव्या गाडीत पयलं आजारी मानूस घालतेत का? आदी देवाला जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही शिंगणापूरला गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षल गाडी घेऊन मित्रांबरोबर गेला. संध्याकाळी परत आला आणि फडक्याने आतला डॅशबोर्ड पुसत बसला. आई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कानिफचा ट्रक उद्या हाय, हर्षल."

त्याने फडक्याची घडी उलटी केली. मग म्हणाला, "आई, रागावू नको. सीटा बिस्किट कलरच्या आहेत. मावशीला लघवीचं भान नाही. एकदा वास बसला की बसला."

"पलाष्टिक हाय की अजून सीटंवर."

"ते काय जन्मभर ठेवायचं का?"

  आई आत आल्या, पीठ मळायला बसल्या, आणि ते पीठ त्यांनी भाकरीला लागतं त्याहून कितीतरी जास्त मळलं.

सकाळी उजाडताच गावातल्या आदिनाथचा पिकअप दारात आला. रोज भाजी घेऊन नगरला जाणारा. आई हौद्यात गोधड्या टाकत होत्या. मी संस्कृतीच्या खालचं रबर आणि दोन धुतलेली दुपटी आणून दिली. त्यांनी ती छातीशी धरली, माझ्या गालाला हात लावला. "पोरीला लागत्याल की गं."

"असू द्या. आहेत दुसरी."

दिवस मावळायला आला तेव्हा पिकअप परतला. आत वळायला जागा नव्हती. अंगणाच्या मधोमध धुऊन पुसून गाडी उभी होती, वाळलेली झेंडूची माळ अजून बोनेटवर. आदिनाथने हौद्याचं फळकूट पाडलं. मुक्ताबाई गोधड्यांवर आईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तोंडाची एक बाजू ओघळलेली. आईंच्या केसांत धूळ होती. रस्ताभर ऊन लागू नये म्हणून बहिणीच्या तोंडावर धरलेला पदर अजून त्यांच्या हातात होता.

हर्षल ओट्यावरून उतरला. किल्ली त्याच्या हातात होती. पण हौद्याजवळ येऊन तो नुसताच उभा राहिला.

मुक्ताबाईने मान कशीबशी वळवली. तिचे डोळे गाडीवर थांबले.

"लई झ्याक हाय," ती जड जिभेने म्हणाली. "कुनाची गं मनी?"

आईंनी पदराच्या टोकाने तिची लाळ पुसली. हर्षलकडे पाहिलं नाही.

"शेजाऱ्यांची हाय," त्या म्हणाल्या. "घेतील बाजूला."