गुलाबी फिनेल

"वास कुठाय, धुरपताबाई?"

लातूरच्या त्या अभ्यासिकेच्या दारात शिवमूर्तीआप्पा नाक वर करून उभे होते. आप्पा या जागेचे मालक. फरशी पुसली की नाही, हे ते डोळ्यांनी कधी बघत नसत. त्यांचा सगळा विश्वास नाकावर. जिना चढून यायचं, गुलाबाच्या फिनेलचा वास घ्यायचा आणि खालच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन बसायचं. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

"पुसलंय आप्पा. सोड्याच्या पाण्यानं."

"सोड्याचं पाणी? पोरांचे मायबाप दारातच वास घेतात. वास न्हाई म्हणजी झाडझूड न्हाई. जमत नसल तर सांगा, दुसरी बाई बघतो."

धुरपताबाईंना नेहमीचा खोकला आला, तो त्यांनी पदरात दाबला. खिडकीजवळ कालच आलेली किनवटची ऋतुजा पुस्तकात मान घालून बसली होती. काल फरशी पुसताच तिला दम लागला होता. जिन्यात बसून पंप ओढत ती म्हणाली होती, "मावशी, या वासानं होतंय. पण आप्पांना सांगू नका. दमा हाय म्हणून कळलं तर जागा काढून घेतील. परीक्षा नऊ दिवसांवर हाय."

धुरपताबाईंनी शब्द दिला होता. आता त्या शब्दासाठी पोटावर पाय यायची वेळ आली, आणि पोरगी मान वर करायला तयार नाही. त्यांना तिचा रागच आला.

"बोला की! फिनेल घरी नेलं का काय?"

सगळ्या माना वर झाल्या. धुरपताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या शब्दाला जागल्या.

खुर्ची सरकली. "आप्पा, मीच सांगितलं त्यांना," ऋतुजा म्हणाली. "मला दमा हाय. काढायचं तर मला काढा."

"फॉर्मवर का न्हाई लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर जागा दिली असती का?"

"परीक्षा होईस्तोवर फिनेल बंद," एवढं बोलून आप्पा जिना उतरले.

दहाव्या दिवशी ऋतुजाची खुर्ची रिकामी होती. आप्पांनी फिनेलची नवी बाटली धुरपताबाईंच्या हाती ठेवली.

"पोरगी परीक्षा देऊन गेली. आता येऊ द्या वास." जाता जाता ते थांबले. "खोकल्याला औषध कोणतं घेतलं? पहिलं तर जिन्यातूनच ऐकू यायचा."

औषध कुठलंच घेतलं नव्हतं. खोकला वयाचा, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. त्यांनी खोल श्वास घेऊन बघितला. कुठे अडकला नाही. पोरीला जे एका दिवसात कळलं ते आपल्याला अकरा वर्षं कळू नये, याचं त्यांना रडू आलं.

"आप्पा, मला बी या वासानं तरास होतो."

"तुम्हाला? इतके दिस कधी म्हणला न्हाईत."

"आता म्हणते." "दुसरी बाई बघायची तर बघा. पण ती बी श्वास घेणारच की."

बाटली त्यांनी आप्पांच्या हातात परत दिली, फडकं सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळलं आणि दारापासूनच पुसायला घेतलं. फडकं पायाशी आलं, तसा आप्पांनी पाय उचलला.