तांब्याचं पोट

टूबी पेन्सिल, टोक लांब.
स्कूटरची किल्ली, खुंटीवर.
वारा मांजरी गावाकडून आला की उसाच्या मळीचा वास.
पान एक्केचाळीस. पोट सुटलंय.
पान त्रेचाळीस. पोट नाही.

पोट तांब्याचं. हडपसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढलेल्या रंगनाथांचा उजवा हात दिवाळीपासून थरथरायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज एकच वस्तू काढा. पट्टी नको. तीन महिन्यांनी वही आणा, आजार कुठवर आलाय ते तीच सांगेल. स्कूटरचंही तेव्हाच ठरवू."

वस्तू म्हणून स्टीलचा तांब्या ठरला. रोज सकाळी आठला त्यांच्या पत्नी वासंतीबाई तो विसळून खिडकीत ठेवायच्या, गळ्याशी कोरलेलं नाव बाहेरच्या बाजूला करून. पहिल्या दिवशी नाव समोर होतं, तर रंगनाथ तासभर अक्षरंच गिरवत बसले होते.

चाळीस पानं झकास गेली. रेघ पहिल्यांदा मुंगीसारखी चालायची, मग सरळ निघाली. आणि मग हे पोट.

हात लांब करून, एक डोळा मिटून त्यांनी पेन्सिलीवर माप घेतलं. उंची पोटाच्या दीडपट. काल सव्वापट होती. परवा पुन्हा दीडपट.

"वासंती, हा काल जाडा होता का गं?"

"तांब्या जाडा होत नाही. माणसं होतात."

"थट्टा नको. नीट बघ."

"अहो, पाणी भरायचंय मला. तासभर टक लावून बसता, तो काय पळून जाणार आहे?" तांब्या उचलून त्या आत गेल्यासुद्धा.

पट्टी कपाटातच होती. एकदा त्यांनी दारही उघडलं. पण पट्टी नको म्हणजे नको. स्वतःच कॉपी करून कुणाला दाखवायचं? दार लावलं. बरं, हात थरथरत नाही हे तर दिसतंय. मग बिघडलंय काय? डोळा? की डोळ्याच्या मागचं काही? बरं होताना कुणी असं बिघडतं का?

साठाव्या दिवशी सून दीपाली खराडीच्या ऑफिसला निघताना त्यांनी वही तिच्यापुढे धरली.

"बाबा, मस्तच की! लाइन बघा ना, एकदम स्टेडी."

"रेघ सरळ आहे गं. पण चुकीच्या जागी सरळ आहे."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येईना. उठून त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"तुझ्याकडे ठेव. समोरून येणारा टेंपो मला केवढा दिसेल, याचा भरवसा नाही."

"अहो पण बाबा, डॉक्टरांनी अजून काही..."

"वहीनं सांगितलं."

दीपालीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वासंतीबाई हात पुसत तिथं उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आठला तांब्या खिडकीत होता. रंगनाथांनी पान एकसष्टवर तारीख घातली आणि एक डोळा मिटला. सव्वापट.

पान चाळीसच्या आदल्या रविवारी मांजरीला भाच्याची वास्तुशांत झाली, आणि जेवून निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याला नाव कोरलेला एकेक स्टीलचा तांब्या मिळाला. वासंतीबाईंनी आपला घरच्या तांब्याशेजारी ठेवला होता.