मँगनीजचा महेंद्र

बापाने उभी हयात उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत घालवली, म्हणून महेंद्रने आपल्या बँडचं नावच 'मँगनीज' ठेवलं होतं. नागपूर, जबलपूर, भिलाई, जिथून बोलावणं येईल तिथे चौघे जाऊन दणका उडवायचे. गिटार महेंद्रची आणि गाणीही त्याचीच, खाणीतल्या धुळीची, पाळीच्या भोंग्याची. लोक अर्ध्यातून उठून जायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे. खरं वाजवलं का नाही, ते मले समजते." एवढ्या एका बळावर त्याने वीस वर्षं काढली. बँड मोडल्यावर बालाघाटला परतला, तरी रोज सकाळी गिटार घेऊन बसायचाच.

अठ्ठ्याण्णव साली अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, डावा हात नाही सावरला. बोटं जराशी हलायची, पण तार दाबण्याइतका जोर येईना. त्याची बायको रुख्माबाई त्या हाताला तेल चोळत बसायची.

दुसऱ्या वर्षी गावातल्या एका मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. ऑर्केस्ट्रा त्याच्याच धाकट्या भावाचा, वसंताचा. लग्नसराईत लामता-लांजीपर्यंत त्याला मागणी होती. स्टेजमागे वसंताने गिटार दादाच्या गळ्यात अडकवली.

"नुसता हात फिरव, दादा. मोतीलाल कीबोर्डवर गिटारचा आवाज काढते. तुह्या गिटारची वायर लावतच नाही."

"अन् लोकायले समजलं तर?"

"कोणाले समजते? नाही म्हणत असशील तर सांग. हार घालतीन, नारळ देतीन अन् खाली बसवतीन."

खाली बसणं. महेंद्रला तेवढं नको होतं. तो वर गेला.

"बालाघाट की शान!" निवेदक ओरडला. मोतीलालने सुरुवात केली आणि महेंद्रने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गाणं महेंद्रचं स्वतःचं होतं, भोंग्याचं. बापाच्या मरणानंतर रचलेलं. मोतीलालने ते दुप्पट वेगात, वरातीच्या ठेक्यावर घेतलं होतं. महेंद्रला गिटार काढून फेकावीशी वाटली. पण समोरची पोरं खुर्च्यांवर चढली, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि त्याचं अंग आपोआप जुन्या सवयीने मागे झुकलं. मान उडाली, उजवा हात मुक्या तारांवरून सपासप फिरू लागला. "वन्स मोअर!" अख्खं मैदान ओरडलं. असं त्याच्यासाठी कोणी कधीच ओरडलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहून टाळ्या आणखी वाढल्या.

घरी रुख्माबाई दारातच उभी होती. बायकांच्या गर्दीत मागे बसून तिने सगळं पाहिलं होतं. तिने त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि रडायलाच लागली.

"सुधरला ना हो हात! मले सांगितलं बी नाही! अन् आज किती गोड वाजवलं तुमी. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा कानाले बरं वाटलं."

महेंद्रने हात सोडवून घेतला. "हात नाही सुधरला. मोतीलाल वाजवत होता. ते गोड बी त्याचंच."

तिने पदराने डोळे कोरडे केले.

"कोणाले सांगू नका," ती म्हणाली. "शेजारीन आताच विचारून गेली, हात सुधरला का म्हणून. मी हौ म्हटलं तिले."

त्या दिवसापासून तिने तेल चोळणं बंद केलं. आठवड्याभराने वसंता लांजीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आला. महेंद्र नाही म्हणेल म्हणून दारातच घुटमळत होता, तर महेंद्र म्हणाला, "येतो. पण मोतीलालले सांग, मधात जरा लांबव. मले मान उडवाले वेळ भेटत नाही."

आता तो पुन्हा रोज सकाळी बसतो. गिटार भिंतीला टेकलेली असते. तो कपाटाच्या आरशासमोर डोळे मिटतो, ओठ दाबतो, कपाळावर आठ्या आणतो आणि एक डोळा किलकिला करून पाहतो की वेदना बरोबर उमटली की नाही.