हातात किती

हाशमभाईंनी बायोडाटाचा कागद कूलरच्या नव्या पत्र्यावर पसरला आणि उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर पत्रा कापायची कात्री ठेवली.

"वाच बेटी. तुझ्याच ऑफिसातला पोरगा आहे."

सपना नुकतीच कामावरून आली होती. पर्स अजून खांद्यालाच होती. तीन वर्षांची समता मुमताजभाभींच्या खोलीतून धावत आली आणि थेट पत्र्याकडे वळली. सपनानं तिला मनगटाशी धरलं. पत्र्याच्या कडा अजून दुमडलेल्या नव्हत्या.

मग तिनं वाचलं. शाहबाज. मूळ गाव जामनेर. शिक्षण बी.कॉम. नोकरी शासकीय, धुळे. वेतन चाळीस हजार.

"आपल्या खुशनुमासाठी स्थळ आलंय," हाशमभाई म्हणाले. "रविवारी बघायला येतायत. पगाराची बिलं तूच करतेस. शिपायापासून साहेबापर्यंत बठ्ठ्यांचं तुला ठाऊक. हे चाळीस खरे का? आणि हातात किती?"

शाहबाजचं टेबल सपनाच्या टेबलासमोर होतं. तो दिवसभर जुन्या फायली स्कॅन करायचा आणि तिला ताई म्हणायचा. दर महिन्याला सपना वेतन देयक तयार करी. त्यात एक्केचाळीस नावं असत. शाहबाजचं नाव त्यात नव्हतं. सपनाचंही नव्हतं. दोघांचा पगार माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीकडून यायचा, कधी दहा तारखेला, कधी वीसला.

हे घरमालक असलेल्या हाशमभाईंना माहीत नव्हतं. सपनाच्या घरचे खोली बघायला आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, काम काय करता. नवऱ्यानं, प्रशीलनं, तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलून गेल्या होत्या, "मन्ही सून सरकारमा शे." त्यांच्या आवाजात असा ताठा होता की सपनाला तिथं दुरुस्ती करता आली नाही. नंतर ती दुरुस्ती राहूनच गेली. प्रशील जळगावला पाइपच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा येणारा. समता दिवसभर मुमताजभाभींकडे. भाभी त्याचे पैसे घेत नसत. सरकारी माणूस घरात आहे, कागदपत्रांचं अडत नाही, एवढंच म्हणत.

"काय झालं? गुपित असतं का पगार?"

"नाही नाही," सपना म्हणाली. "कायम क्लार्क असेल तर मूळ वेतन एकोणीस हजार नऊशे."

"एवढंच?" हाशमभाईंनी कानामागची पेन्सिल काढून पत्र्यावर आकडा लिहिला.

"त्यावर महागाई भत्ता. मुळाच्या निम्म्याहून जास्त. मग घरभाडं, प्रवास. कपाती जाऊन नव्या क्लार्कच्या हातात तीस हजार पडतात."

"म्हणजे खोडापेक्षा डहाळ्याच फार." त्यांनी खाली तीस हजार लिहिलं आणि त्याला गोल केला. "आणि आठवा आयोग लागला की?"

"लागेल तेव्हा."

"असो. तिसाचे चाळीस केले त्यानं. लग्नात तेवढं चालतं. मीही वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं."

"दोन?" आतून मुमताजभाभींचा आवाज आला. "पाच!"

हाशमभाई हसले. सपनाही हसली. खुशनुमा दारात उभी होती. तिनं पत्र्यावरचा गोल केलेला आकडा वाचला आणि चहाचे कप घेऊन आत गेली.

जिना चढताना सपनानं आपलं प्रत्येक वाक्य पुन्हा तपासलं. एकही खोटं नव्हतं.

तिनं प्रशीलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तू गप्प राहा. त्याचं निघालं तर तुझंही निघेल. खोली गेली तर पोरीला कुठं ठेवशील?"

"आणि खुशनुमा?"

"तिचे आईबाप आहेत ना."

सपनानं फोन ठेवला. समता पत्र्याचा एक गोल तुकडा घेऊन आली होती. सपनानं तो तिच्या हातातून काढून उंच फळीवर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून पाहिली.

सकाळी ती समताला घेऊन खाली आली. मुमताजभाभींनी पोरीला समोर बसवलं आणि केसांतून कंगवा फिरवायला लागल्या. सपना चपलेत पाय घालत होती.

"तो पोरगा संपात कुठं होता?" भाभींनी विचारलं.

"कुठल्या संपात?"

"जुन्या पेन्शनच्या. बठ्ठं सरकार रस्त्यावर बसलं होतं तो. आपली समता आठ महिन्यांची होती."

सपनाचा पाय चपलेतच थांबला. तो आठवडा तिला नीट आठवत होता. कुलूप लावलेली कपाटं, रिकाम्या खुर्च्या, दारातून परत जाणारी माणसं. हजेरीच्या वहीत चारच सह्या. दुपारी शाहबाजनं डबा उघडून अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवली होती.

"ऑफिसात होता," ती म्हणाली.

भाभींनी केसांचे दोन भाग केले. "तूही होतीस."

सपनानं पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"हिला ताप होता तेव्हा. एकशे दोन. मोठ्या नोकरीवाल्या बाया संपाच्या मंडपात पापड लाटायला जमल्यासारख्या गप्पा हाणत होत्या, आणि तू तापलेली पोर माझ्या मांडीवर टाकून कामावर गेलीस. जिन्यापर्यंत जाऊन दोनदा परत आलीस. मी तेव्हाच समजले. कायमवाली गेली नसती."

"हाशमभाईंना माहितीय?"

"मी नाही सांगितलं. त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. काल तू 'कायम असेल तर' म्हणालीस. त्यांनी पुढचा आकडा तेवढा लिहिला."

समतानं मान हलवली. भाभींनी ती हनुवटीला धरून सरळ केली.

"मग रविवारी?" सपनानं विचारलं.

"येऊ देत. पोराला म्हणावं, आकडा स्वतःच्या तोंडानं सांग. सांगितला तर पुढचं खुशनुमा बघेल. शिकलीय ती."

सपनानं दुसरी चप्पल घातली. तरी ती उंबऱ्याशीच उभी राहिली.

"मला सोळा हजार आठशे मिळतात, भाभी."

"तुला कुठं विचारलं?" भाभींनी रिबिनीची गाठ मारली. "हिच्या डब्यात काय दिलंयस?"

"पोळी आणि गूळ."

"गूळ नको देत जाऊ, मुंग्या येतात."

अंगणात हाशमभाई पत्रा कापत होते. कालचे आकडे अजून पुसलेले नव्हते. कात्री गोलाच्या अगदी जवळून चालली होती. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सपना त्यांच्यापाशी आली आणि कात्री थांबायची वाट बघत उभी राहिली.