दिव्यावरचं लेबल

दिवा लागला की गाडी उभी. आमच्या घरातला हा नियम माझा आहे आणि त्यात सूट नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली मी, शेवटची बारा वर्षं शिफ्ट इनचार्ज म्हणून. समोर दिवा लागलेला असताना जो चहा पीत बसतो, त्याला मी माणसात धरत नाही.

आमची मुलगी पायल मौद्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. नागपुरातल्या मनीषनगरहून रोज गाडीने जाते. उन्हाळ्यापासून डॅशबोर्डवरच्या स्टिअरिंगच्या पिवळ्या दिव्याने छळ मांडला होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी बॅटरी बदलली, मग सॉफ्टवेअर नवीन टाकलं, मग म्हणाले सेन्सरचा प्रकार आहे, दुर्लक्ष करा. दुर्लक्ष! पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा हजर. दर वेळी मी पायलच्या हातून किल्ली काढून घ्यायचो आणि तिलाच फैलावर घ्यायचो. "कोन्त्या खड्ड्यात घातली वं? लक्ष कुठं राह्यते तुयं?" मग ती दोन बस बदलून जायची, उशिरा पोचायची आणि तिथे डॉक्टरांची बोलणी खायची. ते माझ्या गावीही नव्हतं.

नंतर तीन आठवडे दिवा लागलाच नाही. मी खूश. एका रविवारी पायल मैत्रिणीकडे गेली होती, म्हणून मी गाडी धुतली आणि किल्ली फिरवली. किल्ली फिरवली की सगळे दिवे दोन-तीन सेकंद एकदम लागतात, आम्ही जिवंत आहोत हे सांगायला. कंट्रोल रूममध्येही शिफ्ट हातात घेताना आम्ही बटण दाबून आधी सगळे दिवे लावून बघायचो. जो लागला नाही तो मेलेला. मी सवयीने मोजले. इंजिन, बॅटरी, ऑइल, ब्रेक, एअरबॅग. स्टिअरिंगचा नाही. पुन्हा किल्ली फिरवली. नाहीच.

डोक्यात तिडीक गेली. बिघाड सापडत नाही म्हणून हरामखोरांनी दिवाच मारला! ओल्या हातांनी तसाच गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरकडे निघालो. उड्डाणपुलाच्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी असं जड झालं की दोन्ही हातांनी ओढूनही गाडी कठड्याकडेच चालली. कशीबशी थांबवली. इथे पायल असती तर, एवढंच मनात आलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काउंटरवरचा अपूर्व, पोरगेला माणूस, कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "प्रेमानंद काका, दीड महिन्यात तुमची गाडी इथं आलीच नाही."

"खोटं बोलून राहिला तू! खोल डॅशबोर्ड. माह्या डोळ्यासमोर खोल."

मेकॅनिकने खोलला. दिव्यावर काळी टेप होती, आणि ती सुटू नये म्हणून वरून एक पांढरं लेबल. अपूर्वने ते नखाने सोडवून माझ्या हातावर ठेवलं. "हे आमचं नाही, काका. दवाखान्यातलं वाटून राहिलं."

तपासणीच्या रक्ताच्या बाटलीवर लावतात ते लेबल. आमच्या स्वयंपाकघरात धण्याच्या आणि हळदीच्या डब्यांवर पायलने तीच लावली आहेत. मी अपूर्वची माफी मागितली नाही. गाडी तिथेच सोडून ऑटोने घरी आलो.

संध्याकाळी लेबल तिच्यापुढे आपटलं. "हे काय आहे?"

तिने बघितलं. रडली नाही, भडकली. "मीच लावून घेतलं, मौद्याच्या एका इलेक्ट्रिशियनकडून. दिवा लागला का तुम्ही ओरडता, बाबा. मले गाडीची भीती नाही वाटत. तुमची वाटते."

"मरशील ना वं!" मी किंचाळलो. "आज पुलावर..."

"पाहा. ओरडूनच राहिले."

ती आत गेली आणि मला संघपाल आठवला. माझ्या हाताखालचा ऑपरेटर. बॉयलरच्या एका दिव्यापुढे त्याने पुठ्ठा लावला होता. मी त्याला मेमो दिला, त्याची बदली करवली. माझ्या निरोप समारंभात ती गोष्ट छाती फुगवून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो दिवा लागला की मी अख्ख्या शिफ्टसमोर संघपालची लाज काढायचो, हे मात्र सांगितलं नाही. पुठ्ठा काहून लावला, हे त्याला विचारलंही नव्हतं. मला माझाच संताप आला, आणि तो कुणावर काढता येईना.

स्टिअरिंगची मोटर नवीन बसवून गाडी घरी आली. टेप निघाली. महिनाभराने एका सकाळी पायल अंगणातून म्हणाली, "बाबा, दिवा लागला. ब्रेकचा."

"कोन्त्या ख..." एवढं तोंडातून गेलंच. ती किल्लीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. उरलेलं वाक्य मी गिळलं. जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "कधी लागला?"

"परवा," पायल म्हणाली.