कार्डाचा कौल

...कार्डाच्या चिपच्या कडेला कुंकू अडकलंय अजून. नखानं खरवडलं तर निघेल, पण नख लावायची भीती वाटते. मागच्या खेपेला ओल्या पदरानं पुसायला गेली आणि पाठीवरचे तीन आकडे पुसून गेले – पदराला डागसुद्धा लागला नाही, आकडे मात्र गेले ते गेलेच. खंडेनवमीला कोयता, खुरपी, फवारणीचा पंप मांडला, त्यात फुलाबाईनं हेही मांडलं होतं. ज्यानं काम केलं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू लावायचं, एवढं तिला कळत होतं. हे हॉलंडात आठवडाभर तिच्या कमरेच्या पिशवीत राहून राबलं होतं, मग त्यानंच काय पाप केलं? सून अनिता तेव्हा हसली होती. "आत्या, त्येच्यापुढं नारळबी फोडा." फुलाबाईनं फोडलाही असता, पण नवरा, अप्पा, बघत होते.

पेरूंना फोमच्या जाळ्या चढवता चढवता तिनं कार्ड परत पोलक्यात सरकवलं. गेल्या वर्षी बायकांच्या शेतकरी गटाची सहल हॉलंडला गेली, काचेच्या घरातली टोमॅटोची शेती बघायला, तेव्हा सहलवाल्यानं प्रत्येकीला असं एकेक कार्ड काढून दिलं होतं – इथं रुपये भरायचे, तिथं युरो खर्चायचे. परत आल्यावर बाकीच्या सगळ्याजणी बारामतीला जाऊन उरलेले पैसे मोडून आल्या. कुणी पैंजण केले, कुणी मिक्सर घेतला. फुलाबाईनं मोडले नाहीत. राहू दे म्हणाली. बियाणं असंच ठेवतात की – राखेत घोळून, मडक्यात घालून, तोंड बांधून. हात लावायचा नाही, पेरायच्या दिवशीच उघडायचं. जपलेलं टिकतं हे तिला आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं, आणि यात काही चूक असेल असं तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नसतं.

पण बियाणं कशाचं? हे मात्र तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं... सकाळी गटाच्या अध्यक्षा दगडाबाईंचा फोन आला, की औंदा स्पेनला चाललोय, येणार असशील तर संध्याकाळपर्यंत नाव दे, तेव्हा तिनं घाईघाईनं जाळ्यांचा नवा गठ्ठा फोडला. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. उभा संसार तिनं या चार शब्दांवर काढला होता.

मग तिनं कौल लावला. माहेरी भैरोबाला लावायचे तसा. गुरव देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायचा आणि सगळे श्वास रोखून बसायचे. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिचं लग्नही असंच ठरलं. तिला कुणी विचारलं नाही, भैरोबाला विचारलं – आणि खरं बोलायचं तर भैरोबानं वाईट काही केलं नाही, अप्पा भला माणूस. पण इथं सासरी, पळसदेवात, भैरोबा कुठून आणायचा? म्हणून हे कार्ड. जिवंत असेल तर जायचं. मेलं असेल तर नाव द्यायचं नाही, आणि पुन्हा त्याचा विषयही काढायचा नाही. इतकं सोपं करून टाकल्यावर तिला बरं वाटलं.

कार्डाच्या पाठीवरच्या नंबरला फोन लावून विचारायचं, पण रेंज फक्त पाण्याकडं. धरण ओसरलं होतं, बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, आणि मागं हटलेल्या पाण्याबरोबर मोटारीचे पाइप पुढं सरकवत अप्पा घोट्याएवढ्या गाळात उभे होते. फुलाबाई बांधावर बसली. कानाला फोन लावून बटणं दाबता येईनात, म्हणून तिनं आवाज मोठा केला. हिंदीसाठी दोन दाबा. कार्ड असेल तर तीन दाबा. मग गाणं. मग एक बाई गोड आवाजात सांगू लागली की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे – आणि फुलाबाईला खरंच बरं वाटलं, घरात इतक्या वर्षांत असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण बाई पुन्हा पुन्हा तेच बोलू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हिचं काही खरं नाही. फोन कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा गाणं... अशी किती वाट पाहिली मी? आणि कुणाकुणाची? दवाखान्याच्या बाकावर, तहसीलच्या खिडकीशी, दारात, अंधारून आल्यावर लेक अजित शाळेतून यायचा त्याची. वाट पाहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शेवटी एक जिवंत आवाज आला. मुलगी होती, हिंदीत भराभर बोलणारी.

"बाई, मराठीत बोल की जरा."

मुलगी घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बोला काकू."

कार्डाचा नंबर फुलाबाईनं नीट वाचून दाखवला. मग मुलीनं मागचे तीन आकडे विचारले.

"त्ये पुसल्यात."

"कशानं?"

"...पूजेत."

पलीकडून नाकातून सुटल्यासारखा आवाज आला. हसली असेल, हसू दे. मग जन्मतारीख – एक जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. "ठीक आहे," मुलगी म्हणाली, "आता शेवटचा व्यवहार सांगा. कार्ड शेवटचं कुठं वापरलं होतं? त्याशिवाय मला पुढची माहिती देता येणार नाही."

शेवटचा... ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या दुपारी सगळ्याजणी चॉकलेटं घ्यायला निघाल्या आणि ती म्हणाली माझे पाय दुखतात, मी बसते हितंच – आणि त्या वळणाआड गेल्याबरोबर न दुखणाऱ्या पायांनी ती उठली, कालव्याच्या काठानं चालत गेली, आणि जिथं बोटी लागल्या होत्या तिथं एका गोऱ्या पोराच्या हातातल्या यंत्राला कार्ड टेकवलं. टिंग. त्यानं हात पुढं केला, ती बोटीत उतरली. कुणाची बायको, कुणाची आई, कुणी काही विचारलं नाही. उभा जन्म पाण्याच्या काठाला गेला होता तिचा; सासूचं जुनं घर याच पाण्याखाली, धुणं याच पाण्यात, पेरूला पाणी हेच – पण बोट ही मासे धरणाऱ्यांची, तिच्यात उगाच कोण बसतं? ती तिथं उगाच बसली. पूल डोक्यावरून गेले, दोन्ही बाजूंची घरं मागं सरकली, आणि फेरी संपेपर्यंत तिच्या मनात काहीच आलं नाही – ना पेरू, ना भाकरी, ना अजितचं कर्ज, ना मी. असं रिकामं होता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि मग तिला स्वतःची लाज वाटली, म्हणून तिनं ते बांधून ठेवलं.

"काकू? ऐकताय ना?"

"बोटीत," ती म्हणाली. "बोटीत बसले हुते. एकटीच."

पाण्यातला पाइप ओढायचा आवाज थांबला. फोनचा आवाज मोठा आहे हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"बरोबर आहे," मुलगी म्हणाली, आणि हा शब्द ऐकून फुलाबाईच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. "पण काकू, कार्डावर आता शिल्लक नाही. सहा महिने वापर झाला नाही की दर महिन्याला शुल्क कापलं जातं. कापत कापत शून्य झालंय."

"वापरलं न्हाय म्हणून?"

"हो."

"अगं, म्या त्येला हात लावला न्हाय!"

"म्हणूनच, काकू."

राग आला तिला, चांगला सणसणून आला. हे आधी सांगायला नको? सांगितलं होतं म्हणे, मेल पाठवला होता – मेलचा पत्ता कुणाचा, तर सहलवाल्याचा. तिनं मुलीला चार शब्द सुनावले, आणि मुलीनं ते निमूट ऐकून घेतले. तक्रार नोंदवते म्हणाली, शेवटच्या महिन्याचं शुल्क परत मिळतंय का बघते, पण वचन देत नाही. तिच्या हातात तरी काय होतं! राग ओसरला आणि त्याखाली दुसरंच काही लागलं. जपून ठेवलं म्हणून झिजलं. मडक्याचं तोंड घट्ट बांधलेलं, आणि आत कुणी न खाताच दाणे संपत गेलेले. हे काय फक्त कार्डाचं झालं?

"म्हंजी मेलं म्हणायचं का त्ये?"

"नाही हो. मुदत आहे अजून. फक्त रिकामं आहे. पैसे भरले की चालेल. पाठीवरचे आकडे गेलेत म्हणून नवं कार्ड मागवून देईन, त्याचं शुल्क वेगळं पडेल. पैसे भरायचेत का, काकू?"

जिवंत नाही आणि मेलेलंही नाही. असं माहेरीही एकदा झालं होतं. कळी पडेचना, माणसं ताटकळली, आणि शेवटी गुरव म्हणाला, देव आज बोलत न्हाय, तुमचं तुमी बघा. सगळे हिरमुसून घरी गेले होते. आज मात्र तिला हिरमुसल्यासारखं वाटेना. शून्य म्हटल्यावर जो चटका बसला, तो कशाचा होता? पैशाचा नव्हता. पैसे गेल्याचं दुःख तिला चांगलं ओळखू यायचं, ते वेगळं असतं.

अप्पा गाळातून वर आले होते. हातपाय चिखलानं भरलेले. ते तिच्याकडं बघत होते, आणि नेहमीसारखे नजर काढून घेत नव्हते.

"कुठल्या बोटीत?"

"हॉलंडात. पाय दुखत्यात म्हणून खोटं बोलले हुते."

"मला न्हाय सांगितलं."

"तुमी इचारलं न्हाय."

अप्पांनी मान हलवली. चिखलाचा हात धोतराला पुसला, परत पुसला. रागावतील असं तिला वाटलं, आणि रागावले तर काय करायचं याची तयारी मनात नव्हती, हेही जाणवलं.

"मग?" ते म्हणाले. "कसं वाटलं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं झाली, सून आली, नात शाळेत गेली; हा प्रश्न तिला कुणी कधी घातला नव्हता. कुठं गेलीस, काय आणलंस, किती लागले – हे सगळं विचारून झालं होतं. उत्तर शोधावं लागेल असं वाटलं होतं, पण ते तोंडाशीच होतं.

"आजून बसायचं हुतं," ती म्हणाली.

अप्पा या खेपेला तुझं तू बघ, असं म्हणाले नाहीत.

"काकू?" फोनमधून मुलगी म्हणाली. "भरायचेत का पैसे? काय करू?"

"थांब जरा," फुलाबाई म्हणाली. "सांगते."

मुलगी थांबली. अप्पाही उभेच होते. दोघं तिच्या शब्दाची वाट बघत होती, आणि तिला कसलीच घाई वाटत नव्हती.