नळ्यांची घाई

जागृती नाखवा रेवदंड्याला माहेरी आली ती भांडण जिंकायला. भांडण घरातलं नव्हतं. रचना नावाची तिची एके काळची विद्यार्थिनी आता पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा चालवत होती. तिने लेख लिहून कळवलं होतं की डॉक्टर नाखवांचं नाव ज्या शोधामुळे झालं, तो आमच्याकडे काही केल्या दिसत नाही. नियतकालिकाच्या संपादकांनी जागृतीकडे उत्तर मागितलं. उत्तर पटलं नाही तर तिला आपला पेपर मागे घ्यावा लागणार होता, आणि शास्त्रज्ञाने पेपर मागे घेणं म्हणजे भर मांडवात नाक कापून घेणं.

शोध समजायला फार अवघड नाही. पेशीच्या पोटात बारीक नळ्यांचं जाळं असतं. पेशीला आकार देणं, पेशीचे दोन भाग होताना आतलं सामान ओढून दोन्हीकडे वाटून देणं, ही त्या नळ्यांची कामं. शुक्रजंतू अंड्याला भिडला की अंड्यात कॅल्शियमचा निरोप पसरतो आणि त्या निरोपावर नळ्या सावकाश उभ्या राहतात, असं सगळं जग धरून चाललं होतं. जागृतीने दाखवलं की सावकाश वगैरे काही नाही. निरोप पोचतो न पोचतो तोच नळ्या धावत सुटतात. तिच्या प्रयोगशाळेतली मुलं त्याला ‘नाखवा मॅडमची घाई’ म्हणायची आणि ते ऐकून मॅडम मनातल्या मनात सुखावायच्या.

ही अंडी समुद्रातल्या एका काटेरी गोळ्याची. पुस्तकात त्याला सी-अर्चिन म्हणतात. रेवदंड्यात त्याला कुणी खात नाही, त्यामुळे जाळ्यात सापडला की एक शिवी हासडून परत पाण्यात. समोर कोर्लईच्या खडकांत तो चिकार. जागृतीचा भाचा मितेश ओहोटीला जाऊन गोळे काढायचा, वहिनी क्रेट भरायची, आणि मितेश तो रेवसच्या लाँचने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर नेऊन जागृतीच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. वर्षानुवर्षं हा रिवाज बिनबोभाट चालला होता.

रचना जागृतीच्या प्रयोगशाळेत होती तेव्हाही तिला घाई दिसायची नाही. ती गोळे आठवडाभर टाकीत ठेवायची, ते स्थिरावू द्यायची आणि मग अंडी काढायची. जागृतीने तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “टाकीत जनावर मरगळतं. माल ताजा हवा. आणि तुझा हातही अजून बसलेला नाही.” मग तिला त्या कामावरून काढलं.

आता रचनाला कायमचं गप्प करायचं तर सोपा मार्ग होता. समुद्रातून काढल्या काढल्या, जागच्या जागी प्रयोग करायचा. याहून ताजं काय असणार? जागृतीने सूक्ष्मदर्शक गाडीत घातला, घराच्या मागच्या खोलीत खिडकीला गोधडी बांधून अंधार केला आणि कंबर कसून बसली.

“बाळंतिणीची खोली केलीस गो,” कमळवहिनी म्हणाली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा जागृती शाळेत होती, त्यामुळे डॉक्टर झाली काय नि प्रोफेसर झाली काय, वहिनीच्या लेखी ती जागूच होती.

मितेशने गोळे आणले. जागृतीने सुई टोचली, केशरी अंडी वाटीत उतरली, वर शुक्रजंतू सोडले. मिनिटामिनिटाला थोडी अंडी उचलून तिने रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

नळ्या सावकाश उभ्या राहत होत्या.

तिने रंग बदलला, पाणी बदललं, गोळे दुसऱ्या खडकावरून मागवले. मितेशवर उगाच खेकसली. पुन्हा तेच. अंडी निरोगी होती, वेळेवर दुभंगत होती, पुढे वाढत होती. फक्त घाई नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं तसं, रचनाने लिहिलं होतं तसं, सगळं रमतगमत चाललं होतं. जागृतीला जेवण जाईना. तरी ती रोज ओहोटीला भाच्यासोबत खडकांवर उतरत राहिली, कारण तोंडघशी पडायचंच असेल तर का पडलो ते तिला कळायला हवं होतं.

एका सकाळी मुंबईच्या प्रयोगशाळेकडून नेहमीचा क्रेट मागवला गेला. जागृती चहाचा कप घेऊन ओटीवर बसली होती. समोर वहिनी क्रेट भरत होती, शेजारी मितेश उभा होता. समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, त्यावर गोळे, आणि मग वहिनीने फ्रिजमधून काढून आणल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. एकेक बाटली ती गोळ्यांच्या मधे नीट खोचत होती.

“वहिनी, हे काय?”

“बरफ.”

“कधीपासून घालतेस?”

“कधीपास्नं म्हंजे? पयल्यापास्नं. बरफाबिगर माल गेलाय का कदी या घरातून म्हमईला? तू म्हनलीस गोडं पानी लागलं तर मरतील, म्हनून बाटलीत.”

“पण मला तिकडे बाटल्या कधी दिसल्या नाहीत!”

“धक्क्यावर उतरलं का मी काडून घेतो ना, आत्या,” मितेश म्हणाला. “बाटल्या परत लागतात. पापलेटला.”

जागृतीने कप खाली ठेवला. नळ्या थंडीत विरघळतात आणि ऊब लागली की भराभरा पुन्हा जुळतात, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आली होती. तिच्याकडे येणारा प्रत्येक गोळा अर्धा दिवस थंडीत काढून यायचा आणि आल्या आल्या, अंगातला गारठा जायच्या आत, ती त्याची अंडी काढायची. कारण माल ताजा हवा. रचनाच्या टाकीत आठवडाभरात तो गारठा निघून जायचा.

“मला सांगायचं नाही का तुम्ही?” ती ओरडलीच.

वहिनीचा हात थांबला. “तू इचारलंस कदी?”

खरंच विचारलं नव्हतं. जन्म मासळीच्या घरात गेला, आणि घरातून निघणाऱ्या प्रत्येक टोपलीत बर्फ असतो हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते तिच्या डोक्यातही आलं नाही. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

नुसत्या तर्कावर ती थांबणारी नव्हती. तिने तो क्रेट मुंबईला जाऊच दिला नाही. अर्धे गोळे बाटल्यांसकट क्रेटमधेच राहू दिले, अर्धे समुद्राच्या पाण्याच्या घमेल्यात काढून ठेवले. रेवसहून लाँच मुंबईला पोचायची वेळ झाली तशी तिने दोन्हीकडची अंडी काढली.

घमेल्यातली अंडी सावकाश चालली. क्रेटमधल्या अंड्यांत नळ्या धावत सुटल्या. तीच घाई, तितकीच देखणी. जागृतीने रंगाने हिरव्या दिसणाऱ्या त्या रेषांकडे पोटभर पाहून घेतलं आणि त्या अंधाऱ्या खोलीत तिला रडू फुटलं. इतकी वर्षं तिने जगाला जे दाखवलं ते कॅल्शियमचं काम नव्हतं. गारठलेलं अंडं ऊब धरत होतं, एवढंच.

बाहेर आली तर वहिनी दाराशीच उभी. “माज्यामुळं झालं का गो?”

“नाही.” जागृतीने डोळे पुसले. “तू बर्फ घातलास म्हणून ते जिवंत पोचले. चूक माझी. मी बघितलं नाही.”

तेवढ्यात तिच्या मुंबईच्या संस्थेच्या संचालकांचा फोन आला. सगळं ऐकून ते थंडपणे म्हणाले, “मॅडम, एवढं मनावर घेऊ नका. उत्तरात लिहा की प्राणी कसे हाताळले त्यावर निकाल अवलंबून आहे. खोटं नाही ते. पेपर शाबूत राहील, पुढच्या वर्षी सुरू होणारा नवा विभागही तुमच्याकडेच येईल.”

“संध्याकाळी कळवते,” ती म्हणाली.

खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. त्या एका वाक्याच्या आडोशाला ती निवृत्त होईपर्यंत सुखाने राहिली असती. रचनाचा लेखही छापून आला असता, आणि लोक म्हणाले असते, तिकडे वेगळं होत असेल, हाताचा फरक. जागृती ओटीवर बसून राहिली. समोर बोंबील वाळत होते, एक रिक्षावाला अलिबागचं गिऱ्हाईक ओरडून बोलवत होता. तिने फोन उचलला आणि रचनाला लावला.

“मॅडम?” पलीकडचा आवाज सावध होता.

जागृतीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बाटल्या, धक्का, घमेलं, दोन्ही निकाल. “तुझं बरोबर होतं,” ती म्हणाली. “तेव्हाही बरोबर होतं. तुझा हात उत्तम बसलेला होता, आणि मी चारचौघांत उलटं बोलले. मी पेपर मागे घेतेय.”

रचना म्हणाली, “मी सूक्ष्मदर्शक सोडून शाळेत शिकवायला जाणार होते, मॅडम. माहितीये तुम्हाला?”

“नव्हतं माहीत.”

“पण मागे घ्यायच्या आधी थोडा विचार करा. तुमचं अर्धं आयुष्य आहे त्यात. संचालकांशी बोलला असाल ना?”

“बोलले. विचार करत बसले असते तर पेपर मागे घेतला नसता,” जागृती म्हणाली. “म्हणून त्यांना कळवायच्या आधी तुला फोन केला.”